थांबवायचा आकडा

न्यूमोनियासाठी चाललेलं मामांचं अँटिबायोटिक बंद करायचं ठरलं तेव्हा मामी चिडली. मोठ्याने काही बोलली नाही, तिचा तो स्वभावच नाही, पण राउंडवाले डॉक्टर पुढच्या बेडकडे सरकल्याबरोबर तिने मला दंडाला धरून पॅसेजमध्ये नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अगं ह्यांचा खोकला तसाच आहे, रात्री छातीतली घरघर मला इथे खुर्चीत ऐकू येते, आणि हे म्हणतात उद्यापासून बंद! कोर्स पुरा नको का करायला?" तिच्या काखेत फाईल होती. त्यातला सकाळचा रिपोर्ट काढून तिने एका ओळीवर बोट ठेवलं. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन, ०.७, आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरात एच, म्हणजे हाय. "हे बघ. कागद म्हणतोय वाढलेलं आहे, डॉक्टर म्हणतात बंद करा. कोणाचं ऐकायचं आपण?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ॲडमिट केलं त्या रात्री हाच आकडा ६.२ होता हे मला माहीत होतं, म्हणजे उतार चांगला दणदणीत होता, पण मामीला उताराशी घेणं नव्हतं, तिला तो एच खुपत होता.

मला मात्र नंतर बरेच दिवस वेगळीच गोष्ट टोचत राहिली. मामांना आणलं त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून काय कमी प्रश्न विचारले? ऑक्सिजन किती लावलाय, आयसीयू लागेल का, एक्सरेत उजवीकडे खाली ते पांढरं दिसतंय ते किती वाईट, मोठे डॉक्टर कधी येणार. मामा थंडीने इतके हुडहुडत होते की बेडची कडी वाजत होती, रुमालात गंजासारख्या रंगाचा कफ पडला होता, आणि त्या गडबडीत सिस्टरने मनगटाच्या वरच्या शिरेत सुई घातली, पारदर्शक पट्टी चिकटवली, बाटली लावली, थेंब सुरू झाले. त्या बाटलीत काय आहे, का आहे, किती दिवस देणार, असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, ते द्यायलाच हवं होतं. पण तेच औषध बंद करायची वेळ आली तेव्हा मामी, मामांचा मुलगा, फोनवरून त्यांचे दोन मित्र, एवढंच काय शेजारच्या बेडवरच्या आजोबांची सून, प्रत्येकाला कारण हवं होतं.

सुरू करताना कुणी कारण मागत नाही. बंद करताना सगळे मागतात.

माझी मावसबहीण सई छातीच्या विभागात रेसिडेंट आहे, दुसऱ्या गावी. तिला फोन करायचा म्हणजे रात्री अकरानंतर, तेव्हाही मागे मॉनिटरची टिकटिक चालू असते आणि मधेच "ताई थांब हं जरा" म्हणून ती गायब होते. तिला मी तो एच सांगितला. ती हसली. म्हणाली, तो एच लॅबच्या मशीनचा आहे गं, ठणठणीत माणसाच्या रक्तात प्रोकॅल्सिटोनिन जवळपास नसतंच, ०.०५ च्या खाली असतं, त्यामुळे त्याच्या वर काहीही आलं की मशीन एच छापणार, त्याला काय माहीत की हा माणूस ६.२ वरून खाली आलाय. आम्ही बघतो ते वेगळं. छातीच्या इन्फेक्शनमध्ये ०.२५ च्या खाली आलं, किंवा सुरुवातीला फार वर गेलेलं असेल तर त्याच्या ऐंशी टक्के तरी उतरलं, आणि माणूस अंगाने सावरलाय, ताप नाही, श्वास लागत नाही, की मग औषध थांबवायचा विचार करायचा. तुझे मामा ऐंशीच्या वरच उतरलेत. मी म्हटलं, हे त्या कागदावर छापता नाही का येत? त्यावर तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

मग मी वाचायला बसले. मला सवयच आहे ती, घरात कुणी आजारी पडलं की माझं निम्मं लक्ष पेशंटकडे आणि निम्मं वाचनाकडे, आणि घरचे याला नावं ठेवतात. पण प्रोकॅल्सिटोनिनची गोष्ट खरंच भारी निघाली. हे ११६ अमिनो ॲसिडांचं एक प्रथिन, आपल्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत तयार होतं, आणि तिथेच त्याचे तुकडे होऊन कॅल्सिटोनिन हे हार्मोन बनतं. रक्तात ते तसं यायचं कामच नाही. पण बॅक्टेरियाचं मोठं इन्फेक्शन झालं की काहीतरी उलटंपालटं होतं, आणि यकृत, फुफ्फुसं, चरबी, जिथे म्हणून ते कधी बनत नाही अशा ठिकाणच्या पेशीही ते बनवायला लागतात, आणि त्यांच्याकडे तुकडे करायची सोय नसते म्हणून ते अख्खंच्या अख्खं रक्तात ओतलं जातं. व्हायरसचं इन्फेक्शन असेल तर शरीर इंटरफेरॉन गॅमा सोडतं आणि त्याने उलट या बनण्याला लगाम बसतो. १९९३ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी गंभीर इन्फेक्शन झालेल्या लहान मुलांच्या रक्तात हे प्रचंड वाढलेलं दाखवलं, व्हायरसवाल्या मुलांत तसं नव्हतं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

सीआरपी, म्हणजे अंगात कुठेही सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं दुसरं प्रथिन, त्याहून कितीतरी जुना. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांनी न्यूमोनियाच्या पेशंटांचं सीरम न्यूमोकोकस जंतूच्या एका अंशात मिसळलं, त्याला ते सी म्हणायचे, आणि नळीत साका जमला. आजार जोरात असताना जमायचा, माणूस बरा झाला की जमेनासा व्हायचा. म्हणजे सीआरपीचा जन्मच न्यूमोनियाच्या वॉर्डातला, पेनिसिलीन औषध म्हणून हातात यायच्या दहाएक वर्षं आधीचा. मला हे वाचून उगाच बरं वाटलं. औषध नव्हतं, तेव्हाही कोणीतरी नळी उजेडात धरून बघत होतं की आज साका कालच्यापेक्षा कमी आहे का.

हे दोन्ही आकडे जंतू मोजत नाहीत, हे मला आधी नीट लक्षात आलं नव्हतं आणि बहुतेकांच्या येत नसावं. गल्लीत चोर कोण शिरला ते यातून कळत नाही, कुत्री किती भुंकतायत ते कळतं. सीआरपी हे कुत्रं कोणावरही भुंकतं, व्हायरस असो, संधिवात असो, ऑपरेशनची जखम असो, आणि एकदा सुरू झालं की दोन दिवस चढत्या आवाजात भुंकत राहतं. प्रोकॅल्सिटोनिन जरा निवडक. बॅक्टेरिया शिरला की काही तासांत वर जातं, आणि धोका टळला की साधारण दर चोवीस तासांनी निम्म्यावर येतं. पण तेही मोठा अपघात, भाजणं, मोठं ऑपरेशन यांवर भुंकतंच, किडन्या नीट चालत नसल्या तरी आकडा वर राहतो. आणि काही चोर असे की त्यांच्यावर ते भुंकतच नाही, मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूच्या न्यूमोनियात आकडा खालीच असू शकतो, टीबीतही बऱ्याचदा तसंच. सई म्हणते, कमी आकडा बघून टीबीचा विचार डोक्यातून काढून टाकणारा डॉक्टर तिला भेटला तर ती त्याला परत फर्स्ट इयरला बसवेल.

बरं, मग जंतूच का नाही मोजत सरळ? तर सापडत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, न्यूमोनियाने ॲडमिट झालेल्या दोन हजारांहून जास्त मोठ्या माणसांचा, एक्सरेवर न्यूमोनिया पक्का दिसणाऱ्यांचा. रक्त, लघवी, कफ, नाकाघशातले स्वॅब, सगळं तपासलं, आणि ६२ टक्के लोकांत काहीही सापडलं नाही. ज्यांच्यात सापडलं त्यांच्यातही व्हायरस जास्त, बॅक्टेरिया कमी. हे वाचलं आणि मामांच्या कफाचं कल्चर "नो ग्रोथ" आल्यावर आम्ही लॅबला जी नावं ठेवली होती ती मनातल्या मनात परत घेतली. कल्चरला दोन-तीन दिवस जातात, त्याच्या आधी अँटिबायोटिक सुरू झालेलं असलं तर उगवायचं ते उगवत नाही. एक्सरेचं तर विचारूच नका, माणूस हिंडायला फिरायला लागतो तरी तो पांढरा डाग काही आठवडे तसाच दिसत राहतो. खोकला त्याहून चिवट.

मग थांबवायचं कशावरून? इतकी वर्षं उत्तर होतं, सात दिवस. किंवा दहा. किंवा चौदा. हे आकडे कुठून आले याचा शोध घ्यायला गेलं की हाती फारसं काही लागत नाही, फुफ्फुसांशी त्यांचा काही संबंध आहे असं वाटत नाही, आठवड्याशी आणि हाताच्या बोटांशी आहे. संसर्गतज्ज्ञांमध्ये एक चेष्टा चालते की ही सगळी सम्राट कॉन्स्टंटाईनची कृपा, सन ३२१ मध्ये त्याने रविवारची सुट्टी जाहीर करून सात दिवसांचा आठवडा पक्का केला, त्याने चार दिवसांचा केला असता तर आपण चार दिवस गोळ्या खाल्ल्या असत्या. मला ही चेष्टा आवडली आणि थोडा रागही आला. कारण माझ्या आजीने असेच चौदा दिवस काढले होते.

आजीचा न्यूमोनिया मी कॉलेजात असतानाचा. तेव्हा प्रोकॅल्सिटोनिनबिनिन काही नव्हतं, निदान आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात ताप गेला, ती उठून बसली, वेणी घालून दे म्हणून हट्ट करायला लागली, आणि औषध चालूच. हाताला सुयांच्या जागा उरल्या नव्हत्या, शिरा दोरीसारख्या टणक झाल्या होत्या, इंजेक्शन आत जाताना ती ओठ आवळून छताकडे बघायची. मग जुलाब सुरू झाले. आधी वाटलं असंच काहीतरी, मग दिवसातून इतक्या वेळा की मोजणं सोडलं, आणि न्यूमोनियाने जितकी खचली नव्हती तितकी ती त्याने खचली. अँटिबायोटिकने पोटातले बाकीचे जंतू मरतात आणि मोकळ्या जागेत एखादा दांडगा माजतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा आम्ही सगळे "कोर्स पूर्ण झाला एकदाचा" म्हणून खूशच होतो. आजी बरी झाली, पुढे बरीच वर्षं होती, पण तो महिना आठवला की तिला न्यूमोनिया आठवायचा नाही, बेडपॅन आठवायचा. आणि कुणाला दोष द्यावा असंही नाही, त्या डॉक्टरांनी त्या काळात कोणीही केलं असतं तेच केलं.

मामी जे पॅसेजमध्ये म्हणाली ना, कोर्स पुरा नको का करायला, ते आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. अर्धवट सोडलं तर जंतू शिरजोर होतात, हे शाळेपासून ऐकलेलं. टीबीसारख्या आजारात ते अगदी खरं आहे, तिथे मधेच सोडणं म्हणजे घात. पण साध्या न्यूमोनियात गणित उलट बसतं, जितके जास्त दिवस औषध तितका अंगावर राहणाऱ्या इतर जंतूंना त्याची सवय व्हायला वेळ जास्त. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये झालेला एक अभ्यास वाचला, ॲडमिट झालेले न्यूमोनियाचे पेशंट, तिसऱ्या दिवशी ज्यांचा ताप, श्वास, नाडी, ब्लडप्रेशर सगळं जागेवर आलंय असे. निम्म्यांना तिथेच औषध बंद, निम्म्यांना आठ दिवस पूर्ण. पंधराव्या दिवशी दोन्ही गट सारखेच बरे. तीन दिवस! आणि गंमत बघा, थांबवायचं ठरवताना तिथे प्रोकॅल्सिटोनिन लागलंच नाही, थर्मामीटर आणि घड्याळावर काम झालं.

मग या महागड्या आकड्याचं काम काय, हा प्रश्न येतोच. मी सईला विचारलं तर म्हणाली, ताई, तू स्विस अभ्यास वाच आणि मग अमेरिकन वाच, आणि मग माझ्यासारखी चिडचिड कर.

स्विस अभ्यास म्हणजे बाझेलचा, २००४. छातीचं इन्फेक्शन असल्याचा संशय असलेले २४३ पेशंट. एका गटात डॉक्टर नेहमीसारखे वागले, दुसऱ्यात आकडा बघून, ०.१ च्या खाली असेल तर अँटिबायोटिक अजिबात नको, ०.२५ च्या खाली तरी नकोच, त्याच्या वर द्या, ०.५ च्या वर नक्की द्या. नेहमीच्या गटात ८३ टक्के लोकांना अँटिबायोटिक मिळालं, आकड्याच्या गटात ४४ टक्क्यांना, आणि लोक सारखेच बरे झाले. पुढे २००९ मध्ये सहा स्विस हॉस्पिटलांत मिळून १३५९ पेशंट घेतले, तिथे औषधाचे दिवस सरासरी ८.७ वरून ५.७ वर आले. २०१७ मध्ये अशा २६ अभ्यासांची एकत्र मोट बांधली, ६७०८ पेशंट, त्यात साइड इफेक्ट २२ टक्क्यांवरून १६ वर, आणि महिन्याभरातले मृत्यूसुद्धा १० टक्क्यांवरून ८.६ वर. या शेवटच्या आकड्यापाशी मी थांबले. कमी औषधाने कमी माणसं मरतात हे वाचायला छान वाटतं, पण मला ते पूर्ण पचत नाही, का मरत नाहीत ते कोणी नीट समजावत नाही. जास्त मरत नाहीत एवढं तरी दिसतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

आणि मग २०१८ चा अमेरिकन. १४ हॉस्पिटलं, १६५६ पेशंट, स्विसांसारखाच नियम. निकाल काय? आकडा दाखवलेल्या गटात सरासरी ४.२ दिवस अँटिबायोटिक, न दाखवलेल्यात ४.३. संपलं. काहीच फरक नाही. वर्षभर आधीच अमेरिकेत या टेस्टला छातीच्या इन्फेक्शनसाठी परवानगी मिळाली होती, आणि आता हे. सईची चिडचिड अशी की लोक यावरून टेस्ट निकामी असं म्हणून मोकळे होतात. तिच्या मते तिथले डॉक्टर आधीच हात राखून लिहीत होते, ४.३ दिवस म्हणजे स्विसांच्या ८.७ च्या निम्मे, त्यात आणखी कापायला उरलं काय? आणि जिथे आकडा कमी असूनही पेशंट आजारी दिसत होता तिथे त्यांनी आकडा बाजूला ठेवून औषध दिलंच. मला विचाराल तर यात डॉक्टरांचं काही चुकलं नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या छातीच्या आणि संसर्गाच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून लिहूनही टाकलं की न्यूमोनिया एक्सरेवर दिसतोय आणि माणूस तसा वाटतोय तर पहिला आकडा काहीही असो, अँटिबायोटिक सुरू करा. मला हे पटतं. थंडीने बेड वाजवणाऱ्या माणसासमोर ०.२ चा कागद धरून उभं राहायची हिंमत कुणाला व्हावी असं मला वाटत नाही. पहिल्या काही तासांत तर आकडा वर यायचाच असतो, तेव्हा रक्त घेतलं तर तो खोटं सांगतो.

सुरू करायला डोळे हवेत. आकडा कामाचा आहे तो बंद करायला.

२०२४ च्या शेवटी ब्रिटनमधल्या आयसीयूंचा मोठा अभ्यास आला, सेप्सिसचे, म्हणजे इन्फेक्शनने अवयवच धोक्यात आलेले २७६० पेशंट, नुसती फुफ्फुसंच नाहीत, सगळ्या प्रकारची इन्फेक्शनं. रोज प्रोकॅल्सिटोनिन बघून थांबवायचं ठरवलं तर औषध जवळजवळ एक दिवसाने कमी झालं आणि धोका वाढला नाही. सीआरपी रोज बघितला त्या गटात मात्र काही फरक पडला नाही. एक दिवस. ऐकायला फुटकळ, पण मी आजीच्या शिरांचा हिशोब करते तेव्हा तो एक दिवस मला फुटकळ वाटत नाही.

सीआरपी बिचारा आयसीयूत हरला तरी बाहेर, साध्या दवाखान्यात त्याची चलती आहे. बोटाला सुई, रक्ताचा एक थेंब, छोटं मशीन, आणि चारेक मिनिटांत आकडा. ब्रिटनमध्ये सीओपीडीवाल्यांचा, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार असलेल्यांचा दम वाढला की काय करायचं यावर एक अभ्यास झाला, ६५३ पेशंट, सीआरपी २० च्या खाली आला तर अँटिबायोटिकचा फायदा होण्याची शक्यता कमी, ४० च्या वर तर बहुधा होईल, मधे असेल तर कफ पिवळा-हिरवा झालाय का बघा. टेस्ट नसलेल्या गटात ७७ टक्के लोकांनी अँटिबायोटिक घेतलं, टेस्टवाल्यात ५७ टक्के, आणि तब्येतीत टेस्टवाले मागे पडले नाहीत. व्हिएतनाममध्ये हनोईच्या आसपास प्राथमिक आरोग्य केंद्रांत असंच करून बघितलं, ७८ टक्क्यांवरून ६४. मला या सगळ्यात आवडतं ते चार मिनिटं. मशीन गुरगुरत असताना डॉक्टर आणि पेशंट दोघंही त्याच्याकडे बघत बसलेले असणार. आकडा आला की तो दोघांच्या मधे टेबलावर असतो. डॉक्टरला एकट्याने नाही म्हणावं लागत नाही, आणि पेशंटला आपल्याला टाळलं असं वाटत नाही.

पण मग हॉलंडचा २००९ चा अभ्यास वाचला आणि मी पुन्हा गोंधळात पडले. तिथे फॅमिली डॉक्टरांचे गट केले. काहींना सीआरपीचं मशीन दिलं, काहींना नुसतं बोलायचं कसं याचं ट्रेनिंग दिलं, म्हणजे पेशंटला नेमकी भीती कशाची वाटतेय ते विचारा, खोकला किती दिवस टिकेल ते सांगा, परत कधी यायचं ते सांगा, असं. मशीनवाल्यांनी ३१ टक्के लोकांना अँटिबायोटिक लिहिलं, मशीन नसलेल्यांनी ५३ टक्के. आणि बोलण्याचं ट्रेनिंग घेतलेल्यांनी? २७ टक्के, न घेतलेल्यांनी ५४. नुसतं बोलणं मशीनच्या तोडीस तोड! हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या जोडीला एक खट्टूपणाही आला. म्हणजे एवढी प्रथिनं शोधली, मशीनं बनवली, दशांशाच्या पुढचे आकडे मोजले, आणि काम बरंचसं झालं ते कोणीतरी खुर्ची पुढे ओढून "तुम्हाला कशाची काळजी वाटतेय?" विचारल्याने. दुसऱ्या बाजूने मी हेही बघितलंय की सईसारख्या मुलीला एका रात्रीत चाळीस पेशंट असतात. तिने चाळीस वेळा खुर्ची पुढे ओढायची कधी? आकडा तिच्यासाठी थोडं बोलून घेतो, हा त्याचा उपयोग खराच आहे, आणि तिने बोलायचं टाळावं यासाठीही तोच आकडा वापरला जातो, हेही खरंच आहे.

कुणी नीट सांगत नाही अशी एक साधी गोष्ट म्हणजे खोकल्याचे दिवस. अमेरिकेत २०१३ मध्ये कोणीतरी लोकांना विचारलं, साधं ब्रॉन्कायटिस झालं तर खोकला किती दिवस राहील असं तुम्हाला वाटतं? लोक म्हणाले सात ते नऊ दिवस. प्रत्यक्ष अभ्यासांतली सरासरी निघाली जवळजवळ १८ दिवस. म्हणजे आठव्या-नवव्या दिवशी माणूस घाबरून दवाखान्यात जातो, अँटिबायोटिक घेतो, सोळाव्या-अठराव्या दिवशी खोकला आपोआप जातो, आणि श्रेय गोळीला. पुढच्या वेळी तो पाचव्याच दिवशी जातो. मामीला पॅसेजमध्ये मी हे सांगायला हवं होतं की नाही कोण जाणे, मामांना न्यूमोनिया होता, त्यात तर खोकला आणखी लांबतो. आकडा शरीराची आरडाओरड मोजतो, खोकला म्हणजे मागची साफसफाई, ती निवांत चालते. तिने ऐकलं असतं का? त्या क्षणी नसतं. तिला डॉक्टरांनी दोन मिनिटं थांबून ६.२ आणि ०.७ शेजारी शेजारी लिहून दाखवलं असतं तर कदाचित. ते मोठे डॉक्टर वाईट नव्हते, निर्णयही बरोबर घेतला त्यांनी, फक्त तो बेडच्या पायथ्याशी उभं राहून, फाईलकडे बघत, रेसिडेंटला सांगितला.

आता आणखी नवीन टेस्ट येतायत. तीन प्रथिनं एकदम मोजायची, त्यातलं एक व्हायरसमध्ये वाढणारं आणि बॅक्टेरियात उलट घटणारं, एक व्हायरसमध्ये जोरात वाढणारं, आणि तिसरा आपला जुना सीआरपी, आणि पंधराएक मिनिटांत मशीन एकच गुण देणार, बॅक्टेरियाकडे झुकतंय की व्हायरसकडे. पांढऱ्या पेशींतली कुठली जनुकं जागी झालीत ते बघायचेही प्रयत्न चालू आहेत. मी मोठ्या उत्साहाने सईला हे सांगितलं. तिने जांभई दिली. म्हणाली, नवीन आणू देत, माझं भांडण जुन्याशीच आहे. पेशंट आला की पहिली प्रोकॅल्सिटोनिन सगळे हौसेने पाठवतात, कॅज्युअल्टीतूनच जाते ती, आणि तिच्यावर सांगितलं ना तुला, कोणी फारसं अवलंबून राहू नये. खरी कामाची ती तिसऱ्या-चौथ्या दिवसाची. ती पाठवायला कोणाला आठवत नाही. शनिवार-रविवार मधे आला तर संपलंच, सोमवारी राउंडला विचारतात आकडा कितीवर आलाय, आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतो, आणि मग सर म्हणतात राहू द्या, सात दिवस पूर्ण करू.

तिने आता एक केलंय. पहिल्या टेस्टची ऑर्डर लिहितानाच खाली दुसरीची तारीख लिहून ठेवते आणि त्या तारखेला ड्युटीवर कोण असेल त्याचं नावही. मी विचारलं, मग होते का ती टेस्ट? "बऱ्याचदा होते," म्हणाली. "आणि नाही झाली तर निदान शिव्या कोणाला द्यायच्या ते माहीत असतं."